तीन पुस्तकांची रिकामी जागा

भविष्यकाळाविषयी काढलेला चित्रपट सगळ्यांत लवकर शिळा होतो. पौराणिक चित्रपटाला ती भीती नाही. तो मुळातच जुना. त्याला आणखी जुना कोण करणार? सामाजिक चित्रपट वीसपंचवीस वर्षांनी जुनाट वाटू लागतो खरा, पण त्यातली सासू, त्यातले कर्ज, त्यातले मोडलेले लग्न आपल्या ओळखीचे राहते. भविष्याचे चित्र रंगवणाऱ्याची गत मात्र वेगळी असते. त्याने सांगितलेले साल एक ना एक दिवस आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरावर येऊन उभे राहते आणि मग जो तो त्याच्याकडे हिशेब मागतो.

'द टाइम मशीन' हा १९६० सालचा अमेरिकन चित्रपट या हिशेबात केव्हाच नापास व्हायला हवा होता. १९६६ सालच्या ऑगस्ट महिन्यात लंडनवर अणुहल्ला होतो, रस्ते फाटतात, त्यांतून लाव्हा उसळतो, असे त्यात दाखवले आहे. १९६६ साल आले आणि गेले. त्या वर्षीच्या जुलैत इंग्लंडने फुटबॉलचा विश्वचषक जिंकला आणि लंडनकर रस्त्यांत नाचले. ऑगस्टमध्ये लंडन जागच्या जागी सुखरूप होते. चित्रपटातला तो लाव्हाही खरे तर रंग घातलेली ओटची लापशी होती, हे आता सर्वांना ठाऊक झाले आहे. ज्याचे भविष्य खोटे ठरले आणि ज्याचा प्रलय स्वयंपाकघरात शिजला, त्या चित्रपटाला आज अडगळीच्या खोलीतही जागा मिळू नये.

परंतु घडले आहे ते उलटेच. साठाहून अधिक वर्षे लोटली, तरी हा चित्रपट पाहिला जातो, मुलांना दाखवला जातो, आणि तो पाहिलेला माणूस त्याविषयी बोलताना अजून थोडा हळवा होतो. याचे कारण काय असावे? निव्वळ करमणूक एवढी टिकत नाही. यंत्रांची नवलाई तर मुळीच टिकत नाही. मग टिकले आहे ते काय?

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. काळ १८९९ सालची अखेर. लंडनमधल्या एका घरात जॉर्ज नावाचा संशोधक आपल्या चार मित्रांना एक लहानसे यंत्र दाखवतो. हे यंत्र काळातून प्रवास करते, असे त्याचे म्हणणे. मित्रांना ती हातचलाखी वाटते. फक्त फिल्बी नावाच्या मित्राला त्याची काळजी वाटते. मित्र गेल्यावर जॉर्ज मोठ्या यंत्रावर बसतो आणि भविष्यकाळात निघतो. वाटेत १९१७, १९४० आणि १९६६ या सालांत थांबतो. तिन्ही वेळा त्याला युद्धच भेटते. शेवटी तो ८,०२,७०१ या सालात पोचतो. तेथे जमिनीवर इलॉय नावाची सुंदर, निरुद्योगी तरुण माणसे राहतात आणि जमिनीखाली मॉरलॉक नावाचे भेसूर जीव. मॉरलॉक इलॉयना खाऊपिऊ घालतात, कपडे पुरवतात, आणि वेळ आली की त्यांनाच खातात. ५ जानेवारी १९०० रोजी फाटक्या कपड्यांनी परत येऊन जॉर्ज ही हकीकत मित्रांना सांगतो. कोणी विश्वास ठेवत नाही. तेव्हा तो पुन्हा निघून जातो.

मूळ कथा एच. जी. वेल्सची. १८९५ साली ती पुस्तकरूपाने आली तेव्हा वेल्स अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचा होता. चित्रपट काढला जॉर्ज पाल या मूळच्या हंगेरियन माणसाने. पटकथा डेव्हिड डंकनची. नायक रॉड टेलर, फिल्बीच्या कामात ॲलन यंग, आणि वीना नावाच्या इलॉय मुलीच्या कामात इव्हेट मिम्यू. पुस्तकात प्रवाशाला नावच नाही. चित्रपटाने त्याला जॉर्ज म्हटले आणि यंत्रावरच्या पितळी पट्टीवर 'एच. जॉर्ज वेल्स' असे नाव कोरून मूळ लेखकालाच यंत्रावर बसवले.

या चित्रपटाची पहिली थोरवी अशी की, त्यात काळ डोळ्यांना दिसतो. काळ दाखवणे ही सोपी गोष्ट नव्हे. आपल्या चित्रपटांतून कॅलेंडराची पाने उडतात, किंवा लहान मुलगा धावता धावता मोठा होतो. पालने काय केले पाहा. यंत्र सुरू होते आणि शेजारची मेणबत्ती बघता बघता खाली बसते. गोगलगाय जमिनीवरून सुळकन निघून जाते. फुले उमलतात, मिटतात. काचेच्या छपरावरून सूर्य दिव्यासारखा सरकतो. बाहेरच्या झाडाला मोहोर येतो, फळे धरतात, पाने गळतात. गोगलगायीची कल्पना पुस्तकातच आहे. पण समोरच्या कापडदुकानातली बाहुली ही चित्रपटाची स्वतःची भर आहे आणि ती अप्रतिम आहे.

रस्त्यापलीकडच्या काचेत एक लाकडी स्त्री उभी असते. प्रवासी बसल्या जागेवरून तिच्याकडे पाहतो. दुकानातली माणसे येतात, तिचे कपडे उतरवतात, नवे चढवतात. झगे बदलतात, टोप्या बदलतात, घोटा दिसू लागतो, मग पोटरीही दिसते, आणि आपला सभ्य नायक थोडा गोंधळून हसतो. बाहुलीचा चेहरा मात्र तोच राहतो. ती म्हातारी होत नाही आणि हाही होत नाही. साऱ्या जगात या दोघांनाच काळ शिवत नाही, आणि म्हणून त्याला तिची माया वाटू लागते. घरातल्या आजीच्या जुन्या पेटीत नऊवारी, मग पाचवारी, मग सुनेची साडी आणि नातीचा सलवार-कमीज अशी घडीवर घडी सापडते, तेव्हा आपण पेटीत जे पाहतो तेच येथे दुकानाच्या काचेत दिसते. इतिहासाच्या पुस्तकात राजे बदलतात. घरात काळ कळतो तो कापडावरून.

यात एक मौजेचा योग आहे. वेल्स स्वतः लहानपणी कापडाच्या दुकानात उमेदवारी करत होता आणि त्या कामाला विटून त्याने ते सोडले होते. ज्या दुकानातून तो जीव घेऊन पळाला, त्याच जातीच्या दुकानाची काच पालने त्याच्या कथेला काळाचे घड्याळ म्हणून लावली. पालही या कामी अगदी योग्य माणूस होता. चित्रपटांकडे वळण्यापूर्वी तो लाकडी बाहुल्यांचे लघुपट काढी. बाहुलीने एक पाऊल टाकायचे तर निरनिराळ्या अवस्थांतल्या कितीतरी बाहुल्या कोरायच्या आणि एकामागून एक ठेवून त्यांची चित्रे घ्यायची, अशी त्याची रीत होती. निश्चल वस्तूला चालते करण्यात ज्याचे तारुण्य गेले, त्याला काळ कसा चालतो हे दाखवणे साधले यात नवल नाही. या चित्रपटातल्या दृश्यकरामतींसाठी जीन वॉरेन आणि टिम बार यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले. आज संगणकावर याच्या शंभरपट चमत्कार होतात. पण चमत्कार मोठा झाला म्हणून काळ मोठा दिसत नाही. जळणारी मेणबत्ती आपल्या घरात आहे, म्हणून ती काळजाला भिडते.

दुसरी थोरवी फिल्बीची. पुस्तकातला फिल्बी तांबड्या केसांचा एक वादखोर गृहस्थ, एवढेच. चित्रपटाने त्याला मित्र केले. १९१७ साली प्रवासी थांबतो तेव्हा लष्करी पोशाखातला फिल्बी त्याला समोर दिसतो. तो आनंदाने हाक मारतो. पण तो असतो फिल्बीचा मुलगा. बाप युद्धात मारला गेलेला. मुलगा सांगतो की, समोरच्या बंद घराचा मालक एक दिवस परत येईल अशी वडिलांची खात्री होती, म्हणून त्यांनी ते घर मोडू दिले नाही. पुढे १९६६ साली तोच मुलगा म्हातारा होऊन भेटतो. हल्ल्याचा भोंगा वाजत असतो, लोक तळघरांकडे पळत असतात, आणि हा म्हातारा त्या अनोळखी माणसाकडे पाहून क्षणभर थबकतो. आपण याला कोठे तरी पाहिले आहे! यंत्राच्या प्रवाशाला हे सारे काही मिनिटांचे; पण मागे राहिलेल्यांची दोन आयुष्ये त्यात संपली. काळाचा प्रवास म्हणजे काय, तर आपली माणसे आपल्या नकळत म्हातारी होणे. परगावी नोकरीला गेलेला कोणताही मुलगा दिवाळीला घरी येतो तेव्हा हे त्याला कळते. त्यासाठी पितळी यंत्र लागत नाही.

येथवर स्तुती झाली. आता चित्रपटावरचा आरोपही सांगितला पाहिजे, कारण तो खरा आहे.

वेल्सने ही कथा केवळ गंमत म्हणून लिहिली नव्हती. त्याची आई ससेक्समधल्या अपपार्क नावाच्या मोठ्या वाड्यात घरव्यवस्था पाहणारी बाई म्हणून नोकरीला होती. त्या वाड्यात नोकरांच्या जाण्यायेण्यासाठी जमिनीखालून भुयारे होती. वर दिवाणखान्यात धनी, खाली अंधारात राबणारे हात. आणि राबणाऱ्यांची सावलीही धन्याच्या डोळ्यांना खुपू नये अशी बांधणी. मुलगा वेल्स हे पाहत मोठा झाला. पुढे त्याने विचारले की, हे असेच आठ लाख वर्षे चालले तर? वरचे लोक कष्टावाचून लहान मुलांसारखे दुबळे होतील. खालचे लोक उजेडावाचून आंधळे आणि क्रूर होतील. आणि एक दिवस खालचे वरच्यांना खातील. इलॉय म्हणजे धन्यांचे वंशज आणि मॉरलॉक म्हणजे मजुरांचे. दोघेही माणसांचीच लेकरे. पुस्तकातली भीती बाहेरून आलेली नाही. आपल्याच घराच्या जिन्याखाली ती वाढत होती.

चित्रपटाने हा कणाच काढून टाकला. तेथे एक वाटोळी कडी टेबलावर फिरवली की बोलू लागते आणि इतिहास सांगते: पूर्व आणि पश्चिम यांचे युद्ध तीनशे सव्वीस वर्षे चालले, हवा विषारी झाली, काही लोक गुहांत राहिले, काही उजेडात आले. म्हणजे फूट पडली ती युद्धामुळे. त्यात धनी आणि नोकर यांचे नाव नाही. १९६० साली अमेरिकेत अणुबॉम्बची धास्ती ताजी होती, आणि कामगारांच्या दुःखाची गोष्ट काढणे तितके सोयीचे नव्हते. सोयीचे तेवढे घेतले, गैरसोयीचे सोडले, असे कोणी म्हटले तर त्याला उत्तर नाही. शिवाय सगळे इलॉय सोनेरी केसांचे, आणि आठ लाख वर्षांनंतरही शुद्ध इंग्रजी बोलणारे! पुस्तकातली वीना लहान मुलासारखी आहे आणि एका भयानक रात्री ती हरवते, ती कायमची. चित्रपटातली वीना नायिका आहे, ती जगते. पुस्तकातला प्रवासी आणखी पुढे, सूर्य विझत आलेल्या एका ओसाड किनाऱ्यापर्यंत जातो. तो भाग चित्रपटात नाहीच. जगाचा अंत पाहायला तिकीट काढून कोण येणार?

कादंबरी लिहिणारा माणूस म्हणून माझा कौल येथे वेल्सच्या बाजूने पडतो. लेखकाने ज्या वेदनेतून कथा लिहिली ती वेदना काढून उरलेली कथा घेणे म्हणजे दिव्यातले तेल ओतून देऊन पणती तेवढी मांडणे होय.

आणि तरीही ही पणती विझलेली नाही. तिच्यात तेल आहे, मात्र ते दुसऱ्या घाण्याचे आहे. ते कोणते, हे समजून घेतल्याशिवाय या चित्रपटाचा न्याय होणार नाही.

भोंग्याचा प्रसंग आठवा. १९४० साली आणि पुन्हा १९६६ साली भोंगा वाजतो आणि लोक जीव वाचवण्यासाठी जमिनीखाली धावतात. ८,०२,७०१ साली तोच भोंगा वाजतो. आता वर विमाने नाहीत, बॉम्ब नाहीत, युद्धाची आठवणही नाही. तरी इलॉय खेळता खेळता थांबतात, डोळे गोठतात, आणि झोपेत चालल्यासारखे ते मॉरलॉकच्या दाराशी जातात. दार उघडते, काही आत जातात, दार मिटते, भोंगा थांबतो. बाहेर राहिलेले माघारी वळतात. आत गेलेल्यांविषयी कोणी विचारत नाही. भोंगा थांबला, म्हणजे आता सारे ठीक आहे!

ही कल्पना वेल्सची नाही. पण ती वेल्सला शोभली असती. जी सवय एके काळी प्राण वाचवत होती, तीच सवय तिचे कारण विसरल्यावर प्राण घेते. शाळेत सकाळसंध्याकाळ घंटेवर मुले उभी राहतात, बसतात, रांग धरतात. घंटा हवीच, तिच्याशिवाय शाळा चालणार नाही. पण घंटा कशासाठी, हे ज्या मुलाने कधी विचारले नाही तो मोठेपणी कोणाच्याही भोंग्यावर चालू लागेल, ही धास्ती प्रत्येक शिक्षकाच्या मनात असली पाहिजे. घरातल्या रूढींचेही तसेच नाही का? काही कारण होते म्हणून पणजीने एक रीत पाडली. कारण गेले, रीत राहिली, आणि मग त्या रीतीपायी एखाद्या सुनेचे आयुष्य जमिनीखाली गेले.

आता पुस्तकांचा प्रसंग. प्रवासी इलॉयना विचारतो, तुमच्याकडे पुस्तके आहेत का? एक तरुण सहज म्हणतो, आहेत. प्रवाशाचा चेहरा उजळतो. पुस्तके आहेत म्हणजे सारे काही संपलेले नाही! तो तरुण त्याला आत नेतो, कपाट दाखवतो. प्रवासी एक पुस्तक उघडतो आणि त्याच्या बोटांखाली त्याची माती होते. तो कपाटावरून हात फिरवतो. हजारो वर्षांचे शहाणपण धुळीचा लोट होऊन खाली पडते. शेजारचा तरुण शांतपणे पाहत असतो. त्याला त्यात काही गेल्यासारखे वाटतच नाही.

पुस्तकातही हा प्रसंग निराळ्या रूपात आहे. तेथे एका पडक्या संग्रहालयात ग्रंथांच्या चिंध्या लोंबत असतात, आणि प्रवाशाला प्रकाशशास्त्रावरच्या स्वतःच्या सतरा निबंधांची आठवण होते. वेल्सचा प्रवासी खिन्न होतो, किंचित हसतो, आणि पुढे जातो. चित्रपटातला प्रवासी संतापतो. असंख्य माणसांनी घाम गाळला, प्राण दिले, ते तुम्ही नुसते पोहावे आणि नाचावे म्हणून काय, असे तो त्या कोवळ्या तोंडांवर ओरडतो. हा संताप मला ओळखीचा वाटतो. तो मास्तरांचा संताप आहे. फळ्यावर हात दुखेपर्यंत लिहिल्यावर मागे वळून पाहावे आणि साऱ्या वर्गाने खिडकीबाहेर पाहत असावे, तेव्हा असाच संताप येतो. आणि असा संताप त्यालाच येतो ज्याने वर्गाची आशा सोडलेली नसते. ज्याने सोडली तो वेल्सच्या प्रवाशासारखा किंचित हसतो.

या प्रसंगामागे आणखी एक सत्य उभे आहे. जॉर्ज पाल बर्लिनमध्ये चित्रपटांचे काम करत असे. नाझी सत्तेवर आले तेव्हा, १९३३ साली, त्याने जर्मनी सोडली. त्याच वर्षीच्या १० मे रोजी बर्लिनच्या चौकात विद्यार्थ्यांनी पुस्तकांची होळी केली. त्या काळात जर्मनीत ज्या लेखकांची पुस्तके जाळली गेली, त्यांत एच. जी. वेल्सही होता. पुस्तकांची धूळ करायला आठ लाख वर्षे लागतात असे नाही. एक संध्याकाळ पुरते. विद्यार्थ्यांनी केले तर त्याहून लवकर होते. चित्रपटाच्या मनात ही गोष्ट होती की नव्हती, ते पालच जाणे. पण ज्याला ती ठाऊक आहे त्याला तो धुळीचा लोट निव्वळ कल्पित वाटणार नाही.

यानंतर गुहेतली मारामारी येते, आणि ती मात्र मला कच्ची वाटते. प्रवासी मॉरलॉकशी झुंजत असतो. एक इलॉय तरुण आपल्या हाताकडे पाहतो, बोटे मिटतो, मूठ वळते, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो दुसऱ्यासाठी ठोसा मारतो. या क्षणाला थिएटरात टाळ्या पडाव्यात अशीच त्याची रचना आहे. दुसऱ्यासाठी हात उचलणे ही माणूसपणाची पहिली पायरी आहे, हे मान्य. बुडणाऱ्या वीनाला वाचवायला जे एक पाऊल पुढे आले नव्हते, त्यांतलाच हा एक. पण पुढे सारी भुयारे जळतात, कोसळतात, आणि मॉरलॉक मेले हे पाहून सर्वांना बरे वाटते. तेही माणसांचेच वंशज होते, याची आठवण तेथे कोणाला होत नाही. वेल्सला ती झाली असती. शिक्षणाची सुरुवात मुठीपासून करणारा शिक्षक मला पटत नाही.

कदाचित चित्रपटालाही तो पुरता पटला नसावा. कारण तो तेथे संपत नाही. तो संपतो एका दिवाणखान्यात.

प्रवासी परतला आहे, हकीकत सांगून झाली आहे, मित्र मान हलवत गेले आहेत. बाहेर बर्फ पडते आहे. फिल्बी एकटा मागे वळतो, तोच यंत्राचा आवाज येतो. प्रयोगशाळा रिकामी. जमिनीवर यंत्र ओढल्याच्या खुणा. फिल्बी त्या वाचतो: मित्राने यंत्र अशा जागी ओढून नेले की, त्या काळात पोचल्यावर ते मॉरलॉकच्या कोंडवाड्यात न उतरता बाहेर, वीनाजवळ उतरावे. वीनाने दिलेले, या युगात कोठेही न उमलणारे एक फूल हातात उरले आहे. तेवढ्यात घरकाम पाहणारी मिसेस वॉचेट सांगते की, कपाटातली तीन पुस्तके दिसत नाहीत. कोणती? ते तिला सांगता येत नाही. आणि मग फिल्बी तिला विचारतो की, तुम्ही असता तर कोणती तीन नेली असती?

उत्तर येत नाही. चित्रपट संपतो.

वेल्सच्या पुस्तकातला प्रवासीही दुसऱ्यांदा जातो. पण जाताना त्याच्या एका हाती कॅमेरा असतो. लोकांनी विश्वास ठेवला नाही, म्हणून तो पुरावा आणायला निघाला आहे. तीन वर्षे झाली तरी तो परत आलेला नाही. चित्रपटातला प्रवासी पुस्तके घेऊन जातो. कॅमेरा घेऊन जाणारा काहीतरी आणायला जातो; पुस्तके घेऊन जाणारा काहीतरी द्यायला जातो. या दोन वस्तूंत त्या दोन कलाकृतींचा सारा फरक सामावला आहे. वेल्सने आपल्याला एक साक्षीदार दिला, पालने एक मास्तर दिला. माझ्यातला कादंबरीकार साक्षीदाराला मोठा मानतो. माझ्यातला शिक्षक त्या मास्तराच्या मागून बर्फातून चालत जातो.

भागवतात रैवत ककुद्मी राजाची कथा आहे. रेवतीला योग्य वर कोण, हे विचारायला तो तिला घेऊन ब्रह्मलोकी गेला. तेथे गायन चालू होते, ते संपेपर्यंत थांबला. आणि तेवढ्या वेळात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटली. परतला तेव्हा माणसे खुजी, निस्तेज, मंदबुद्धी झालेली होती, असे विष्णुपुराण सांगते. इलॉयच म्हणा ना! ककुद्मीने रेवती बलरामाला दिली आणि तो तपाला हिमालयात निघून गेला. त्याच्या जागी त्याचे योग्यच होते. पण खुज्या झालेल्या माणसांकडे पाठ फिरवून तपाला जाणे हा एक मार्ग, आणि त्यांच्याकडे पुस्तके घेऊन जाणे हा दुसरा. या चित्रपटाने दुसरा निवडला.

२००२ साली वेल्सच्याच पणतवाने, सायमन वेल्सने, ही कथा पुन्हा पडद्यावर आणली. त्यात चंद्र फुटतो, करामती कितीतरी मोठ्या आहेत. नायकाची वाग्दत्त वधू मारली जाते आणि तिला वाचवण्यासाठी तो यंत्र बनवतो. दुःख खरे आहे, पण ते त्याचे एकट्याचे आहे. आपण हळहळतो आणि घरी जातो. १९६० चा चित्रपट आपल्याबरोबर घरी येतो, कारण जाता जाता तो आपल्याला एक गृहपाठ देतो.

आणि काय तो गृहपाठ! यंदा फराळाचे ताट पुढे घेऊन बसलेल्या कोणत्याही घरात हा प्रश्न टाकून पाहा. आजी ज्ञानेश्वरीचे नाव घेईल आणि वर म्हणेल, बाकीची दोन तुम्ही ठरवा. मुलगा म्हणेल, वैद्यकाचे एक हवे. पहिल्याच साथीत सगळे मेले तर ज्ञानेश्वरी वाचणार कोण? सून म्हणेल, शेतीचे न्या. आजवर त्यांना जेवण मॉरलॉकच देत होते, आता ते कोण पिकवणार? मुलगी म्हणेल, आधी बाराखडी न्या, त्यांना वाचता कोठे येते? लाडवांचा डबा रिकामा होईल, पण यादी पुरी होणार नाही. चित्रपटाने ती तीन नावे सांगितली असती तर सारा खेळ मोडला असता. कोणी म्हणाले असते बरोबर, कोणी चूक, आणि विषय मिटला असता. नावे न सांगण्यात पालचे खरे कौशल्य आहे. अणुयुद्धाची तारीख त्याने सांगितली आणि ती खोटी ठरली. पुस्तकांची नावे त्याने सांगितली नाहीत, म्हणून ती कधीच शिळी झाली नाहीत.

श्रेष्ठ कृतीवरून बेतलेला चित्रपट मूळ कृतीशी किती इमानी आहे, हे आपण नेहमी तपासतो. तपासावेही. पण त्याहून एक मोठी कसोटी आहे: मूळ कृतीने जो प्रश्न टाकला त्याला चित्रपटाने स्वतःचे काही उत्तर दिले का? वेल्सने विचारले, माणसाचे पुढे काय होणार? पालने त्याची कथा पुष्कळशी बिघडवली, तिचा राग बोथट केला, तिच्यातली आगगाडी भलत्याच रुळांवर नेली. पण अखेरच्या दोन मिनिटांत त्याने त्या प्रश्नाला एक साधे उत्तर दिले. पुढे काय होणार, ते आपण येथून काय घेऊन जातो यावर ठरेल.

प्रत्येक घरात पुस्तकांचे कपाट असते. नसेल तर एक फळी असते. त्या फळीवर तीन पुस्तकांची जागा रिकामी झाली तर ती कोणती असतील आणि कोणासाठी गेली असतील, याचा विचार करायला ८,०२,७०१ सालापर्यंत थांबण्याचे कारण नाही. पुढचे युग आपल्याच घरात, फुलबाज्या घेऊन अंगणात नाचते आहे.